घरी राहिलेल्या वारकऱ्याचा हिशेब

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात नाशिक येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शंभर वर्षांच्या दिंडीसमोर उभे राहून बोलायचे म्हणजे आमच्यासारख्याचे पाय कापतात. समोर विणेकरी आहेत, चोपदार आहेत, टाळकरी, पखवाजी आहेत, डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या आमच्या मायबहिणी आहेत. आमचा मान एवढाच की, या सोहळ्यासाठी दिंडीच्या जुन्या वह्या उघडून बघायचे काम आमच्याकडे आले.

त्या वह्या वाचताना डोळे भरून येतात, बरं का. कोणत्या साली भिशी किती होती, कोणी किती दिली, कोणाची बाकी राहिली, कोणत्या मुक्कामी कोणी पंगत घातली, बैलगाडी कोणाची होती, पुढे ट्रक आला तेव्हा भाडे काय ठरले, सगळे लिहिलेले आहे. चाललेल्यांची नावे आहेत. वाटेत देह ठेवला त्यांचीही नावे आहेत. पण एक यादी आम्हाला कोणत्याही वहीत सापडली नाही. जे घरी राहिले, त्यांची.

ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथ महाराजांची पालखी निघते. नाशिक, सिन्नर, पुढे नगर, करमाळा असे करीत आषाढीला आपण पंढरपुरात पोचतो. जवळजवळ महिनाभर आपण घराबाहेर असतो. या महिन्यात घरात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला कूस कोण बदलून देतो? त्याच्या औषधाची चिठ्ठी घेऊन तालुक्याला कोण जातो? सोसायटीचा हप्ता, तलाठ्याचे काम, बँकेतली रांग कोण बघतो? घरचाच कोणीतरी बघतो. तो बघतो म्हणून आपल्या खांद्यावर पताका येते. आज त्या माणसाच्या हिशेबाविषयी दोन शब्द बोलायचे आहेत.

विषय जरा अवघड आहे. आईवडील लुळेपांगळे झाले, त्यांचे भान गेले, आणि एका लेकराने त्यांचा देह आणि कारभार दोन्ही सांभाळले, तर त्याला त्याचा मोबदला मिळावा की नाही? ऐकताक्षणी कोणीही म्हणेल, “छे छे! आईबापाच्या सेवेचे का पैसे घ्यायचे असतात?” आम्हीही तेच म्हणत होतो. तसे म्हणून आम्ही स्वतःच्या घरात काय करून बसलो, ते आधी सांगतो. दुसऱ्याचे सांगण्यापेक्षा आपले सांगितलेले बरे.

आमचे गाव निफाड तालुक्यात. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. चार एकर जमीन, त्यात द्राक्षबाग आणि थोडा कांदा. आम्ही थोरले, सातपूरला कारखान्यात नोकरीला. धाकटा भाऊ शेतीवर. बहीण सिन्नरकडे दिलेली. एका ऑक्टोबरमध्ये, बागेची गोडी छाटणी चालू असताना, नाना बांधावरच कोसळले. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पहिली दोन वर्षे डोळ्यांत ओळख होती. पुढे तीही गेली. नाना एकूण सात वर्षे अंथरुणावर होते.

त्या सात वर्षांत आम्ही काय केले? रविवारी येत होतो. येताना फळे आणत होतो. आषाढीची वारी एकही चुकवली नाही. लोक म्हणायचे, “काय माणूस आहे, वडील आजारी तरी वारी सोडत नाही.” आम्हाला ते बरे वाटायचे. वारी कोणाच्या जिवावर घडते आहे, हा विचार मनात आला नाही.

नाना गेले. दिवस झाले. महिन्याने आम्ही तिघे भावंडे बसलो आणि आम्ही चार पाहुण्यांदेखत धाकट्याला विचारले, “नानांच्या खात्यात एवढे पैसे होते, ते गेले कुठे?” नानांनी धडधाकट असताना त्याच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करून दिले होते. त्याच्यावर तो बँकेचे, सोसायटीचे सगळे बघायचा. आमच्या मनात संशयाचा किडा होता. आता लपवून काय करायचे? होताच.

तो काही बोलला नाही. आत गेला, पत्र्याची पेटी घेऊन आला, आणि आमच्यापुढे उपडी केली. औषधांच्या पावत्या, गाडीभाड्याचे कागद, काही पावसाने भिजून एकमेकांना चिकटलेले, काहींवरची शाई उडालेली. निम्म्याअधिक खर्चाचा कागदच नव्हता. दाराआडून भावजय एवढेच म्हणाली, “दादा, सात वर्षांत मी माहेरी दोन रात्री राहिले. त्याची पावती नाही माझ्याकडे.”

तिथून उठलो ते दोन वर्षे बोललो नाही. एकाच दिंडीचे घर आमचे, पण पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला गेलो की तो एका बारीला आणि आम्ही दुसऱ्या. नाथांच्या समाधीपुढे डोके टेकवायचे आणि बाहेर येऊन सख्ख्या भावाकडे पाठ करायची. याला काय वारी म्हणायचे?

आम्हाला वाट दाखवली ती आपल्या त्या वेळच्या विणेकरी बाबांनी. नाव घेत नाही, त्यांना स्वतःचे नाव घेतलेले आवडत नसे. ते आता वैकुंठवासी आहेत. एके दिवशी त्यांनी आम्हा दोघांना बोलावले. मांडीवर दिंडीची जमाखर्चाची वही होती. म्हणाले, “वाच.” आम्ही वाचले: आचाऱ्याला इतके, ट्रकवाल्याला इतके, तंबूवाल्याला इतके. “आणि विणेकऱ्याला?” आम्ही म्हणालो, “विणेकऱ्याला काही नाही बाबा, ती सेवा.” “बरं. मग आचारी वारकरी नाही का? तोही माळकरी आहे. त्याला का दिले?” आम्ही म्हणालो, “त्याचा महिनाभराचा धंदा बुडतो. घर कसे चालायचे त्याचे?” बाबा हसले. म्हणाले, “आचाऱ्याचा महिना बुडतो हे तुला कळते. भावाची सात वर्षे बुडाली, ते नाही कळले होय?”

माऊली, त्या दिवशी आम्हाला खाली बघावे लागले.

मग बाबांनीच बसून हिशेब करायला लावला. त्यांनी वहीच्या पानावर चार रकाने पाडले. पहिला, पदरचा खर्च: औषध, गाडी, डॉक्टर, अंथरुण-पांघरुण. दुसरा, बुडालेली मजुरी: नानांमुळे जे दिवस शेतावर किंवा कामावर जाता आले नाही ते. तिसरा, कारभाराची धावपळ: बँक, सोसायटी, तलाठी, तालुका. चौथा रकाना त्यांनी कोराच ठेवला. वर लिहिले ‘सेवा’, आणि म्हणाले, “याच्यात आकडा घालायचा नाही. हा विठोबाच्या खात्यातला. पण हा रकाना मोठा आहे म्हणून बाकीचे तीन पुसायचे नाहीत.”

पहिल्याच रकान्यात आम्ही गार झालो. नानांच्या खात्यातून सात वर्षांत जे पैसे निघाले, त्याहून औषधपाण्याचा खर्च जास्त भरला. वरचे कुठून आले? भावजयीचे सोने गहाण पडले होते. आम्हाला पत्ता नव्हता. दुसऱ्या रकान्यात बाबांनी शेतमजुराचा निम्मा रोज धरायला सांगितला, पुराच नको म्हणाले. तरी जो आकडा आला, तो बघून आम्ही वही मिटून घेतली.

आणि चौथ्या, कोऱ्या रकान्याचे सांगतो. शेवटच्या आजारात नानांना तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले होते, “सात वर्षे पडून असलेल्या माणसाच्या पाठीवर एकही जखम नाही. कोण बघतं यांना?” दर दोन-तीन तासांनी कूस बदलल्याशिवाय असे होत नाही, रात्रीसुद्धा. कोण उठत होते रात्री? आमचा भाऊ आणि आमची भावजय.

आम्ही आणि बहिणीने मिळून आधी ते सोने सोडवले. नानांच्या नावची एक ठेव शिल्लक होती. तिच्यातला आमचा दोघांचा हिस्सा आम्ही भावजयीच्या नावाने केला. भावाच्या नाही, भावजयीच्या. का, ते पुढे सांगतो. आणि त्या वर्षी आम्ही वारीला गेलो नाही. ती दोघे गेली. आईचे वय झालेले होते, गुडघे धरलेले. महिनाभर आम्ही आईजवळ राहिलो. तिसऱ्या दिवशी कंबर धरली. आठव्या दिवशी आईवर ओरडलो. नंतर बाहेर जाऊन ओट्यावर बसलो आणि रडलो. तेव्हा कुठे पुंडलिक थोडासा समजला.

पुंडलिकाची कथा आपण सगळे सांगतो. आधी आईबापाला विचारत नव्हता, काशीच्या वाटेवर कुक्कुटऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले, मग तो आईबापाच्या पायाशी बसला. देव दारात आला तर वीट फेकली, म्हणाला, थांब, आधी हे काम. म्हणजे आपल्या पंथाचा मूळपुरुष वारीला गेलेला नाही, मंडळी. तो घरी राहिलेला आहे! आणि दुसरी गोष्ट बघा. आपल्या जयघोषातच देवाची ओळख पुंडलिकाला वर देणारा अशी आहे. देवानेसुद्धा त्याची सेवा फुकट ठेवली नाही. काय हवे ते विचारले. पुंडलिकाने काय मागितले, हा त्याचा मोठेपणा. पण विचारणे हा देवाचा धर्म होता, तो देवाने पाळला. आपण भावाला विचारतो का? “तुला काय हवे?” एवढे तरी?

आणि कोणी म्हणेल, हिशेब करणे हे प्रपंचाचे, परमार्थाचे नाही, तर त्याने तुकोबारायांचे चरित्र आठवावे. थोरले बंधू सावजी विरक्त, त्यांनी कारभार नको म्हटले. म्हणून वडील बोल्होबांनी घरचा व्यवहार तुकोबांच्या हाती दिला, तोही कोवळ्या वयात. पुढे वैराग्य आले, महाराजांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडवायची ठरवली. पण आधी काय केले? खतांचे दोन वाटे केले. धाकट्या कान्होबांचा अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला आणि बुडवला तो फक्त स्वतःचा. चरित्रकार हे आवर्जून सांगतात. आपल्या हक्कावर पाणी सोडायचा अधिकार आपल्याला आहे. दुसऱ्याच्या हक्कावर सोडायचा नाही. आम्ही काय केले होते? भावाच्या श्रमावर आम्ही पाणी सोडले होते आणि त्याला सेवा असे नाव दिले होते.

आता जरा कायद्याकडे येतो. बाबांनी आम्हाला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवले होते. तिथे महिलांना आणि कमी उत्पन्नाच्या माणसांना सल्ला आणि वकील मोफत मिळतो, हे लक्षात ठेवा. तिथून समजू लागले, आणि पुढे विचारत-वाचत गेलो. जे पक्के आहे तेवढेच सांगतो.

पहिली गोष्ट, कुलमुखत्यारपत्राची. आपल्याकडे समज आहे की एकदा मुखत्यारपत्र करून घेतले की काळजी मिटली. तसे नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, ज्याने मुखत्यारपत्र दिले त्याचे भान गेले की मुखत्यारपत्र संपते. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच तो कागद निकामी. नुसते शरीर लुळे आहे, पण समज शाबूत आहे, तर वाट सोपी आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत की, सही करता येत नसेल तर हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो. त्याला दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. पण समजच गेली, तर प्रकरण न्यायालयात जाते. १८९० चा पालकत्वाचा कायदा अल्पवयीन मुलांसाठी आहे. कोमात गेलेल्या मोठ्या माणसासाठी पालक नेमण्याचा सरळ असा कायदा आपल्याकडे नाही. म्हणून अशा घरांना उच्च न्यायालयात जावे लागते. २०२० साली मुंबई उच्च न्यायालयाने कोमात असलेल्या पतीची पालक म्हणून त्याच्या पत्नीला नेमले, ते याच वाटेने.

दुसरी गोष्ट, मोबदल्याची. इथे कायदा दोन तोंडांनी बोलतो, पण दोन्ही ऐकण्यासारखी आहेत. १८८२ चा विश्वस्तांचा कायदा म्हणतो, दुसऱ्याची मालमत्ता सांभाळणाऱ्याला पदरचा खर्च परत घेता येतो, पण श्रमाचा मोबदला मागता येत नाही, काम स्वीकारतानाच तसे ठरलेले नसेल तर. १८९० चा पालकत्वाचा कायदा म्हणतो, न्यायालयाने नेमलेल्या पालकाला त्याच्या काळजीबद्दल आणि कष्टाबद्दल न्यायालयाला योग्य वाटेल तेवढा भत्ता देता येतो. आणि एकत्र कुटुंबाच्या कर्त्याला कुटुंबाच्या धंद्यातल्या कामाबद्दल पगार देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. अट अशी की कुटुंबीयांत तसा खरा करार हवा, तो कुटुंबाच्या हिताचा हवा आणि रक्कम वाजवी हवी. तिन्हींचे सार एकच निघते. मोबदला घेणे पाप नाही. पण तो आधी ठरलेला हवा, सगळ्यांच्या संमतीने ठरलेला हवा, आणि बेताचा हवा. मागाहून मागितलेला मोबदला भांडण आणतो. न विचारता घेतलेला तर चोरीसारखा दिसतो, घेणारा कितीही प्रामाणिक असो.

तिसरी गोष्ट, वारसाची. बाप मृत्युपत्र न करता गेला तर १९५६ च्या वारसा कायद्याने त्याच्या स्वतःच्या मिळकतीत सगळ्या मुलामुलींना सारखा वाटा. ज्याने सात वर्षे कूस बदलली त्यालाही तेवढाच, आणि जो रविवारी फळे घेऊन आला त्यालाही तेवढाच. वाटपाच्या कायद्यात सेवेचा रकाना नाही. आणि सून? नवरा हयात असताना सून सासऱ्याची वारसच नाही. घरात सगळ्यात जास्त कोण राबते? सून. लघवीची भांडी कोण उचलते? सून. तिचे नाव ना सातबाऱ्यावर, ना वारसात. म्हणून आम्ही ती ठेव भावजयीच्या नावाने केली. जिने केले तिला द्यावे. तिच्या नवऱ्याला दिले म्हणजे तिला पोचले, असे धरून चालू नये.

चौथी गोष्ट, बाकीच्या भावंडांचे कर्तव्य. आईबाप सांभाळणे ही फक्त घरी राहिलेल्याची जबाबदारी नाही. २००७ च्या कायद्याने मुलगा, मुलगी, नातू, नात सगळे बांधलेले आहेत. प्रांताधिकाऱ्यांपुढे न्यायाधिकरण असते. तिथे दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह ठरवून मिळू शकतो. म्हाताऱ्या माणसाला स्वतः अर्ज करता येत नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. आमची विनंती आहे की, प्रकरण तिथवर जाऊच देऊ नका. पण तो दरवाजा आहे, हे शहरात राहणाऱ्या भावाला माहीत असावे.

आणि सरकारचे काय? आपल्या राज्यात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. ६५ वर्षांवरच्या निराधार वृद्धांना महिन्याला १,५०० रुपये. चांगलेच आहे. पण गंमत बघा, योजनेला नाव श्रावणबाळाचे आणि पैसे त्याच्या आईबापाला. कावड वाहणाऱ्या श्रावणाला काही नाही! केरळात मात्र अंथरुणाला खिळलेल्याला सांभाळणाऱ्यासाठी महिन्याला ६०० रुपयांची योजना निघाली. नाव आश्वासकिरणम. जर्मनीत १९९५ पासून काळजीचा विमाच आहे. रुग्णाला घरच्याच माणसाने सांभाळले तर रोख रक्कम मिळते, आणि रुग्ण ती सांभाळणाऱ्याला देऊ शकतो. म्हणजे जगाने हे काम काम म्हणून ओळखले आहे. आपल्याकडे सरकार ओळखेल तेव्हा ओळखेल. घराने ओळखायला कोणाची परवानगी लागते?

तर करायचे काय? आमच्या चुकीतून जे शिकलो ते सांगतो.

आईवडील धडधाकट आहेत, बोलतेचालते आहेत, तोवरच सगळी लेकरे एकदा बसा. मुली धरून बसा, त्यांना चहा करायला आत पाठवू नका. आईवडिलांनाच विचारा, पुढे अंथरुणाला खिळलात तर कोणाजवळ राहाल, पैसे कोणी बघायचे, बघणाऱ्याला काय द्यायचे. त्यांच्या तोंडून आलेल्या शब्दाला जे वजन आहे ते नंतर कोणाच्याच शब्दाला नसते. सेवा करणाऱ्याला जास्त द्यायचे त्यांच्या मनात असेल तर मृत्युपत्र करावे. त्याला दोन साक्षीदार लागतात. ज्याला मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, पुढचा संशय टळतो. पण हयातीतच सगळे लिहून देऊन हात रिकामे करून घेऊ नयेत. बक्षीसपत्र केलेच तर ‘मला शेवटपर्यंत सांभाळण्याच्या अटीवर’ असे त्या कागदातच लिहावे. अट लिहिलेली असेल आणि पुढे कोणी सांभाळले नाही, तर २००७ च्या कायद्याने ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते.

आजारपण सुरू झाले की एक वही घाला. साधी शंभर पानी वही. म्हाताऱ्याचे उत्पन्न वेगळ्या खात्यात, आपल्या पैशात मिसळायचे नाही. पैसा आधी त्याच्या औषधाला, त्याच्या दुधाला. मग सांभाळणाऱ्याचा पदरचा खर्च. त्यानंतर ठरला असेल तो मोबदला. किती ठरवायचा? गावात किंवा नाशकात सांभाळायला बाई किंवा माणूस ठेवला तर काय पडते ते विचारा. त्याहून कमीच ठरवा, पण ठरवा. आणि एक पथ्य पाळा, ज्याला घ्यायचा आहे त्याने आकडा सांगायचा नाही. बाकीच्या भावंडांनी सांगायचा. मागणाऱ्याला लाज वाटते, देणाऱ्याला विसर पडतो. म्हणून देणाऱ्यानेच तोंड उघडावे.

घरात पैसाच नसेल तर? आपल्यातल्या पुष्कळ घरांत नसतोच. मग वेळ द्या. वर्षातला एक महिना थोरल्याने यावे, एक महिना मधल्याने. सांभाळणारीला माहेरी पाठवा. तिची एक वारी घडू द्या. हाही मोबदलाच आहे, आणि आम्ही अनुभवाने सांगतो, पैशापेक्षा महाग आहे.

आणि वर्षातून एकदा ती वही सगळ्यांसमोर वाचा. दिंडी परतल्यावर आपण जमाखर्च वाचतो की नाही? तेव्हा कोणाचा अपमान होतो का? उलट ज्याने पैसे सांभाळले त्याचे मन हलके होते. वही सांभाळणाऱ्याच्या विरुद्ध नसते, त्याच्या बाजूची साक्ष असते. आमच्या भावाकडे वही असती, तर आमच्या तोंडून तो प्रश्न निघाला नसता. आणि खरे बोलायचे तर, ती वही आम्हीच त्याला आणून द्यायला हवी होती. तो रात्री उठून नानांची कूस बदलत होता. त्याला लिहीत बसायला वेळ कुठून असणार? हिशेबाची वही ही दूर राहणाऱ्याची सेवा आहे.

कोणी सांभाळणारा म्हणेल, “मला काही नको.” फार थोर गोष्ट आहे. त्याला नमस्कार करा. पण ते त्याने म्हणायचे आहे. त्याच्या वतीने आपण म्हणायचे नाही.

आता दिंडीपुढे एक मागणे मांडून थांबतो. पुढच्या शंभर वर्षांची पहिली वही यंदा उघडायची आहे. तिच्यात चालणाऱ्यांच्या नावांपुढे एक रकाना वाढवावा: ‘घरी कोण राहिले’. पताका घेणाऱ्याने आपल्या नावासमोर त्याचे किंवा तिचे नाव लिहावे आणि मगच टाळ हातात घ्यावा. पंढरपुरात पोचल्यावर आधी त्याच्या नावाने पायरीला हात लावावा, मग स्वतःच्या.

आमच्या नावापुढचा रकाना आम्ही भरून ठेवला आहे. त्यात दोन नावे आहेत. यंदा ती दोघे विणेमागे चालणार आहेत. आम्ही घरी आहोत.

रामकृष्ण हरी.